बाईंच्या पाठीला मी पाय लावला नाही

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. आमच्या भंडाऱ्याकडं आईला याचं कौतुक कमी आणि काळजीच जास्त होती. आभाळ गडगडलं की ती मला अंगणातून ओढत घरात न्यायची, कारण पायाळू माणसावर वीज पडते असं तिला कुणीतरी सांगून ठेवलेलं. इकडं नेवाशाजवळच्या माझ्या सासरी या पायांना वेगळंच काम निघालं. पाठीत उसण भरली, म्हणजे उठता-बसता कळ यायला लागली, की पायाळू माणसाकडून पाठीवरून पाय फिरवून घ्यायचा, उसण पळते, असं इथं मानतात. लग्नाच्या मांडवात आई सहज बोलून गेली की पोरगी पायाळू आहे. मी माप ओलांडून आत आले, आणि हळद उतरायच्या आत एक म्हातारी कंबर धरून दारात उभी.

"कुठंय ती तांदळाच्या देशातली? लाव म्हनावं पाय."

मी घाबरत घाबरत पाय लावला. म्हातारी उठून चालायला लागली. तेव्हापासून माझ्या नावापेक्षा माझे पायच गावात जास्त ओळखीचे झाले.

शाळा माझी सातवीनंतर सुटली. धाकटी भावंडं सांभाळायला घरी कुणी नव्हतं, एवढंच कारण, त्यात रडण्यासारखं काही नाही. पण इतक्या लांब आल्यावर आपल्याला काही येत नाही हे रोज नव्यानं कळायचं. बाजरीची भाकरी येत नव्हती. उसाला पाणी धरणं माहीत नव्हतं. बोलताना शेवटी आमच्यासारखं "जी" लावलं की सगळे हसायचे. "व्हय जी, न्हाई जी," करत पोरं मागं फिरायची. अशा घरात मला एकाच माणसानं हाताला धरून उभं केलं, ते म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना "बाई" म्हणते. गावाकडची आठवण येऊन मी जेवत नव्हते तेव्हा बाईंनी वेगळ्या पातेल्यात माझ्यापुरता भात शिजवायला सुरुवात केली. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या म्हणाल्या, "लाडानं डोक्यावर बसवशील." बाई म्हणाल्या, "भातच खातीय, सोनं न्हाई मागत." तो भात आजही रोज शिजतो. या बाईचे उपकार मी कसे फेडणार हे मला कधीच कळलं नाही, आणि फेडायचे असतात असं तिलाही कधी वाटलं नाही.

मी स्वभावानं काळजीखोर. आमचे हे दुधाच्या पिकअपवर आहेत, गावोगावचे कॅन गोळा करून डेअरीला पोचवतात. त्यांना यायला जरा उशीर झाला की माझ्या डोळ्यांपुढं गाडी उसाच्या ट्रॉलीखाली गेलेली असते. घरात मला टेन्शनबाई म्हणतात. पहिलं मूल पोटातच गेलं त्यानंतर तर छातीत अशी धडधड सुरू झाली की आता काही मी उरत नाही असं वाटायचं. तेव्हा बाईच मला नेवाशाला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेल्या. त्यांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती चांगली आली. मी खजील होऊन म्हणाले, "म्हणजे माझं नाटकच जी." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाटक नाही. मनाला जे होतं ते शरीराला होतंच. झोप घे, चालत जा, बोलत जा." आणि उठता उठता आम्हा दोघींना सांगितलं की बायकांचं हृदयाचं दुखणं नेहमी छातीत डावीकडंच येतं असं नाही. कधी पाठीत येतं, कधी जबड्यात, दाढेत. कधी नुसता गार घाम, मळमळ, धाप, अंगातलं बळ गेल्यासारखं. बायका त्याला पित्त म्हणतात आणि कामाला लागतात.

काळजी करणाऱ्या माणसाला असं काही सांगावं का? मला ते पाठच झालं. पुढं कितीतरी दिवस मी रोज आरशापुढं जबडा दाबून बघत होते.

आता मूळ गोष्ट सांगते.

बाईंना दोन मुली. थोरली श्रीगोंद्याकडं दिलेली. गेल्या दिवाळीत ती भाऊबीजेला म्हणून आली आणि परत गेलीच नाही. नवरा हात उचलायचा. तिनं दंडावरचे वळ आईला दाखवले आणि म्हणाली, "आता मी जायची न्हाई." बाईंनी तिला जवळ घेतलं, पण मोठ्या दिरांनी, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं, "धाकटीचं जमूस्तोर हे भाईर जाता कामा न्हाई. थोरली कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी आलीय असं सांगायचं." दादा वाईट माणूस नाहीत. पोरीवर त्यांचा जीव आहे. पण धाकटीला स्थळ मिळणार नाही या भीतीनं त्यांनी ते ठरवलं, आणि ठरवलेलं पाळायचं काम मात्र बाईंच्या वाट्याला आलं.

कारण विचारणारे दादांना विचारत नव्हते. गिरणीत, नळावर, हळदीकुंकवाला बायका बाईंनाच विचारायच्या. "कोर्स कसला गं? कुठं जाती? जाताना तर दिसत न्हाई." बाईंना खोटं बोलायची सवय नाही. रोज एक नवीन खोटं करायचं आणि कालचं लक्षात ठेवायचं, हे त्यांना झेपेना. आधी त्यांनी गिरणीत जाणं सोडलं, मला पाठवायला लागल्या. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाय दुखतो म्हणून गेल्या नाहीत. घासलेली भांडी पुन्हा घासायच्या. मी म्हणायची, "बाई, स्वच्छ आहेत जी." "असू दे," म्हणायच्या, आणि घासतच राहायच्या. जिना चढताना मध्ये थांबायला लागल्या. पाळी जाऊन दोन-तीन वर्षं झालेली, सगळे म्हणायचे, त्याचंच असेल. मीही तसंच समजले.

माघ महिन्यातली गोष्ट. धाकटीला बघायला श्रीगोंद्याकडूनच पाहुणे येणार होते. लांबून येणार म्हणून पुरणाचा स्वयंपाक. थोरलीला सांगितलेलं, पाहुणे जाईपर्यंत मागच्या खोलीत बस. सकाळी थंडी इतकी की आत्या शाल सोडत नव्हत्या. पुरण शिजलं, चूल विझवली. तेवढ्यात स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाचा फोन आला. बाई फोन घेऊन अंगणात गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा राखेसारखा. मी विचारलं, "काय झालं जी?" "काय न्हाई," म्हणाल्या आणि पाट्यावर पुरण वाटायला बसल्या.

थोड्या वेळानं उठल्या, तर पाठ धरून.

"उसण भरलीय गं. इथं, दोन्ही खांद्यांच्या मधी. पाय लाव चट्कन. पाहुणे फाट्यावर आले असतील."

उंबऱ्याशी पोतं अंथरलं, त्या पालथ्या पडल्या. मी नेहमीसारखा उजवा पाय उचलला. आणि त्यांच्या पाठीवर पोलक्याचं कापड ओलं होऊन चिकटलेलं दिसलं. मानेवर घामाचे थेंब. आम्ही सगळे स्वेटर घालून, आणि ही बाई घामानं निथळतेय. मी पाय खाली ठेवला.

"बाई, घाम कशाचा जी?"

"चुलीपुढं व्हते की."

"चूल तर मघाशीच विझवली."

"आता घामाचा हिशोब घेती का? लाव पाय."

"दाढ दुखते का?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "ठणकतीय सकाळपासनं. तुला कसं कळलं?"

मी म्हणाले, "मी पाय लावणार नाही."

आत्या पाटावरून ओरडल्या, "अगं लाव की! गावाच्या पाठी तुडवत फिरती आन घरच्या मानसाला नाटकं? डाक्टरीन झाली का काय तू?"

"आत्या, ही उसण नाही जी. बाईंना दवाखान्यात न्यायला पाहिजे. आत्ता."

दादा बाहेर सतरंज्या झटकत होते, ते आत आले. "कोनाला दवाखान्यात? पाहुणे दारात आन घरची बाई दवाखान्यात? लोक काय म्हनतील? पित्त झालं असंल, गोळी दे. दोन तास कळ काढ, मग मीच नेतो."

यात सगळ्यात वाईट म्हणजे बाईसुद्धा तेच म्हणाल्या. "व्हय, दोन तासच. मी उठते." आणि चौकट धरून उठायला गेल्या, तर तिथंच ओकारी आली.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी या घरात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. लांबून आलेली, पाठीशी माहेरचं कुणी नसलेली बाई आधी हो म्हणायलाच शिकते. आणि चुकलं तर? खरंच उसण निघाली तर? पाहुणे परत गेले, धाकटीचं मोडलं, तर जन्मभर माझ्या नावानं बोलणी. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, मला येतंच ते. पण याच बाईनं माझी धडधड नाटक समजली नव्हती. ती मला हाताला धरून घेऊन गेली होती.

मी अंगणात गेले. हे नुकतेच गाडी घेऊन आलेले. "अहो, कॅन उतरवा."

"दूध पोचवायचंय अजून."

"कॅन उतरवा. बाईंना न्यायचंय. तुम्ही नाही उतरवले तर मी उतरवते."

मी खरंच गाडीचा मागचा फळका उघडून कॅन ओढला. यांनी एकदा भावाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि उरलेले कॅन अंगणात मांडले. तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं आणि थोरली बाहेर आली. दादा म्हणाले, "तू आत हो." ती म्हणाली, "आईला धरायला दोघी पायजेत." आम्ही दोघींनी बाईंना पुढच्या सीटवर बसवलं आणि दाटीवाटीनं त्यांच्या शेजारी बसलो.

गावातून बाहेर पडायचा रस्ता दोन्ही बाजूंनी ऊस असलेला, एकच गाडी जाईल एवढा. मध्येच समोरून पाहुण्यांची गाडी. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. यांनी हॉर्न दाबून धरला. त्यांचा ड्रायव्हर खाली उतरून म्हणतो, "आमी पाहुणे हाय, तुमी घ्या मागं." मी काचेतून डोकं बाहेर काढून ओरडले, "नवरीची आई आहे जी आत! छातीत दुखतंय!" मग ते बिचारे कितीतरी लांब मागं मागं गेले. बाजूनं जाताना त्यांच्या गाडीतल्या एका बाईनं थोरलीकडं टक लावून पाहिलं. थोरलीनं पदर ओढला नाही, तोंड फिरवलं नाही.

तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या. डोळे मिटून, अडखळत. "तीच ती. मुलाची मामी. थोरलीच्या सासरच्या गावची हाय. सकाळी फोनवर कळलं... मला वाटलं, आता समदं संपलं."

एवढंच. चार महिने पोटात ठेवलेलं, त्या फोननं एका झटक्यात उघडं पडायची पाळी आली होती. थोरली आईचा हात धरून रडत होती. मी रडले नाही. मला वेळ नव्हता.

फाट्यावरच्या दवाखान्यात पट्टी काढली. तिथले डॉक्टर पट्टी बघून एकदम उठूनच उभे राहिले. गोळ्या चघळायला दिल्या, सुई दिली आणि म्हणाले, "नगरला न्या, मी फोन करतो, थांबू नका." ॲम्ब्युलन्समध्ये मी बाईंच्या पायाशी बसले. घोडेगावला कांद्याच्या गाड्यांची रांग होती. मी मनातल्या मनात प्रत्येक ट्रकला हात जोडत होते. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण तोंडात सगळ्यांच्या नगरच. त्या दिवशी मला दोन्ही नावं सारखीच लांब वाटली.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. हातातून तार घालून हृदयाच्या नळ्या तपासल्या. दादा आत्यांना घरी ठेवून मागोमाग आले होते. पाहुणे पुरण न खाता, पाणी पिऊन, रीत म्हणून थोडा वेळ बसून गेले, असं त्यांच्याकडून कळलं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "नळ्या मोकळ्या आहेत. कुठं रक्ताची गाठ अडकलेली नाही."

दादांनी जोरात श्वास सोडला. मग माझ्याकडं वळले. "बघ. काय न्हवतंच. उसणच हुती. तू पाय लावला असता तर आज पोरीचं जमलं असतं."

माझ्यासारखीला कुणीही म्हणावं की तुझं चुकलं, आणि मी पटकन मानावं, अशी माझी सवय. पण डॉक्टरांचा चेहरा अजून सैल झालेला नव्हता. मी ते पाहिलं होतं. मी म्हणाले, "दादा, डॉक्टरांचं बोलणं संपलेलं नाही जी."

डॉक्टरांनी आम्हाला आत नेऊन पडद्यावर हलणारं चित्र दाखवलं. बाईंचं हृदय. मी जन्मात पहिल्यांदा कुणाचं हृदय पाहिलं आणि ते बाईंचं होतं. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, वरचा भाग नीट दाबला जातोय, पण खालचं टोक फुगून राहिलंय, हलतच नाही. गाडगं असतं ना, तोंड बारीक आणि बूड गोल, तसा आकार झालाय. नळ्या चांगल्या असून हृदयाचा जोर एकदम कमी पडलाय. मनाला मोठा धक्का बसला की असं होऊ शकतं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत भरून येतं, पण हे खोटं दुखणं नाही. वेळेवर आणलं नसतं तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात काही झालंय का?"

थोरलीनं खाली मान घातली. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाच बोलले. पडद्याकडं बघत.

"थोरली पोरगी माघारी आलीय. आमी ते झाकून ठिवलं हुतं. ते... हिनंच झाकलं. मी नुसतं सांगितलं हुतं."

ते पहिल्यांदा कुणापुढं तरी बोलले. खुर्ची असून खाली बसले. मला त्यांचा राग होता तो तिथंच अर्धा झाला.

बाईंना भेटायला सोडलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाहुणं काय म्हनले?" मी म्हणाले, "पाहुण्यांना गाडी मागं घ्यायला चांगली जमते जी." त्या हसल्या, आणि हसताना छातीवर हात ठेवला. मग मी विचारलं, "बाई, त्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघींना सांगितलं होतं, जबडा, पाठ, घाम. तुम्ही शेजारीच बसल्या होत्या. तुम्हाला आठवलं नाही?"

"आठवलं की," म्हणाल्या. "पन ते तुझ्यासाठी सांगितलं हुतं."

या वाक्यावर मी आजही अडते. आपल्याकडच्या बायका दुसरीचं दुखणं ऐकतात, लक्षात ठेवतात, औषधाच्या वेळा सांभाळतात. तेच दुखणं आपल्या अंगात येऊन उभं राहिलं तरी ओळखत नाहीत.

घरी आल्यावर मला वाटलं, आता झाकायचं काही उरलं नाही. पण आत्यांचं डोकं तयार होतं. भेटायला पहिली आली ती समोरची काकू, बिस्किटाचे पुडे घेऊन. थोरली पाणी द्यायला आली. काकू काही विचारायच्या आत आत्या म्हणाल्या, "पोरगी आईची सेवा करायला आलीय हो. जावयानंच धाडली, म्हनला, जा, सेवा कर."

मी बाईंकडं पाहिलं. त्यांचा हात गालावरून जबड्याशी गेला. दुखत होतं की सवयीनं गेला, मला माहीत नाही. पण म्हणजे आता कोर्सच्या जागी सेवा. जुनं खोटं गेलं आणि नवीन आलं, आणि सांभाळायचं पुन्हा हिनंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, चालायला सांगितलं होतं, मीठ कमी करायला सांगितलं होतं. हे खोटं कमी करायला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती, ते मला दिसत होतं.

मी म्हणाले, "सेवा तर ती करतेच, काकू. पण ती परत आलीय. नवरा मारत होता. आता ती जाणार नाही."

आत्यांच्या हातातली सुपारी थांबली. काकूंनी चहाचा घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ठाऊक हाय की. भाऊबीजेपासनं समद्या गावाला ठाऊक हाय. तुमी सांगत न्हाई म्हनून आमी इचारायचो. कोर्स कसला, कोर्स कसला. तुमालाच न्हवतं ठाऊक, आमाला ठाऊक हाय ते."

मग बाईंच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मी धावले. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. "चार म्हयने मी गिरणीत जायचं सोडलं गं," म्हणाल्या, "आन हिला ठाऊकच हुतं!" आत्या पुटपुटल्या, "मग सांगायचं तरी." काकू म्हणाल्या, "तुमीच सांगायला पायजे हुतं." त्यावर आत्यांनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली.

त्यानंतर मी एक ठरवलं आणि ते सोडलेलं नाही. पाठीला पाय लावून घ्यायला आजही बायका येतात. मी त्यांना परत पाठवत नाही. पण आधी जवळ बसवते. कळ हलताना येते की बसल्या बसल्याही? जबड्यात, हातात काही? घाम? मळमळ? चालताना धाप? यातलं एक जरी हो आलं तरी मी पाय लावत नाही. आमच्या यांना हाक मारते आणि तिला गाडीत बसवते. काही जणी चिडतात. "पायाळूनं पाय लावायचा का पंचायत करायची?" मी म्हणते, दोन्ही जी. आणि मग हळूच विचारते, घरात काय चाललंय? बऱ्याच जणींची पाठ तिथंच सैल होते. कुणी सुनेचं सांगते, कुणी दारूचं, कुणी आपल्या आईच्या आजाराचं. मी डॉक्टर नाही. माझ्याकडं औषध नाही. पण कुणाला तरी सांगितलं, एवढं त्या घेऊन जातात. आणि कुणाला गरज दिसली तर दवाखान्यात मी सोबत जाते, कारण माझ्यासोबत कुणीतरी आलं होतं.

नगरला पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तेच हलणारं चित्र लावलं. या वेळी खालचं टोकही दाबलं जात होतं. गाडगं राहिलं नव्हतं. गोळ्या चालू ठेवायच्या, तपासणी चुकवायची नाही, कारण काहींना पुन्हा होऊ शकतं, असं ते म्हणाले. दादा पडद्याकडं इतकं टक लावून बघत होते की डॉक्टर म्हणाले, "हलतंय, काळजी करू नका."

उन्हाळ्यात धाकटीला बघायला दुसरे पाहुणे आले, संगमनेरकडचे. या वेळी मागच्या खोलीचं दार बंद नव्हतं. थोरलीनंच पोहे आणले. मुलाच्या आईनं विचारलं, "ही कोण?" दादांनी घसा खाकरला. पण बाईंनीच आधी उत्तर दिलं.

"ही माझी थोरली. लग्न झालतं, जमलं न्हाई, माघारी आली. आता हितंच असती. धाकटीचं बघायचं तर हे धरूनच बघा."

मी दाराआडून फक्त बाईंच्या कपाळाकडं बघत होते. कपाळ कोरडं होतं. मुलाच्या आईनं पोह्यांवर लिंबू पिळलं आणि म्हणाली, "माझी नणंद पन अशीच हाय घरात." पुढं काय ठरतं ते अजून कळलेलं नाही. निरोप येईल किंवा येणार नाही.

पाहुणे गेले. सतरंज्या उचलता उचलता बाई कमरेवर हात ठेवून थांबल्या. मी हातातला तांब्या टाकून धावले.

"घाम? दाढ? मळमळतंय का? जिना चढलात का मघाशी?"

"अगं शेंगांचं पोतं उचललं सकाळी! वाकलं की कळ येती, बसलं की जाती." त्या पोतं अंथरून उंबऱ्याशी पालथ्या झाल्या. "टेन्शनबाई, आता तरी लाव पाय."

मी खाली बसले, त्यांच्या मानेला हात लावून पाहिला. कोरडी होती. नाडी पाहिली, आत्या हसायला लागल्या तरी पाहिली. मग उठले आणि उजवा पाय हलकेच त्यांच्या पाठीवर ठेवला.